वीज वाचते तेव्हा जंगल वाचते का?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी या गावातल्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवले आणि रविवारी त्याच मुलांना रानात नेले. ऊर्जेचा धडा आणि पक्ष्यांची ओळख त्यांच्या लेखी एकाच विषयात मोडत असे. संयोजकांनी 'ऊर्जाबचत आणि वन्यजीव' हा विषय सुचवला, तेव्हा हे व्याख्यान सरांच्याच वाटेने जावे असे मला वाटले. माझी नोकरी वीजक्षेत्रात झाली, म्हणून सुरुवात विजेपासून करतो.

चंद्रपूरहून ताडोबाला निघालेली पर्यटकांची गाडी दुर्गापूर, पद्मापूर करत मोहर्लीच्या फाटकाशी पोचते. हा रस्ता तासाभराचाही नाही. वाटेत चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, उघड्या कोळसा खाणी लागतात, आणि खाणीतून उपसून टाकलेल्या माती-दगडांचे टेकडीएवढे ढिगारे लागतात. प्रवासी तिकडे फारसे पाहत नाहीत, कारण मनात वाघ असतो. मला मात्र हा रस्ता म्हणजेच ताडोबाची खरी प्रस्तावना वाटते. ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि अंधारी अभयारण्यासह 1995 मध्ये व्याघ्र प्रकल्प. त्याच्या दक्षिणेला इरई धरण आहे. वाघ ज्या जलाशयाच्या काठी येतो, त्याच इरईचे पाणी वीज केंद्रालाही जाते. केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट, म्हणजे 210 मेगावॉटचे दोन आणि 500 मेगावॉटचे पाच संच. राज्यातल्या सरकारी औष्णिक केंद्रांत हे सर्वांत मोठे. वाघ आणि कोळसा एकाच जिल्ह्यात राहतात आणि दोघांनाही जागा लागते.

जागा हा शब्द मी आज पुनःपुन्हा वापरणार आहे. वीज आणि वन्यजीव यांचा संबंध सांगताना आपण सहसा धुराकडे आणि तापमानवाढीकडे वळतो. तो संबंध खराच आहे, पण वाघाला, माळढोकाला किंवा सड्यावरच्या सरड्याला वीज आधी भेटते ती जागेच्या रूपात. खाण, राखेचा तलाव, धरणाचे पाणी, तारांचे मनोरे, पवनचक्कीकडे जाणारा रस्ता, यांतले प्रत्येक काही ना काही जमीन घेते. आणि घेतलेली जमीन सहसा अशी असते की जिथे माणसांची तक्रार कमी येते: माळ, डोंगरमाथा, जंगलाची कड.

उघडी खाण कशी चालते ते थोडक्यात सांगतो. वरची झाडी जाते. मग माती आणि खडकाचा थर काढून बाजूला रचतात. खाली कोळसा लागतो. काही वर्षांनी तो संपला की खड्डा आणि ढिगारा उरतो. ढिगाऱ्यावर विलायती बाभूळ आणि झुडपे माजतात, रानडुकरे येतात, त्यांच्यामागून बिबट्या आणि वाघ येतात. चंद्रपुरात हे घडले आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये वीज केंद्राच्या आवारात एका कामगाराला वाघाने मारले, आणि लागोपाठ दुर्गापुरात एका मुलाला बिबट्याने नेले. त्या दिवसांत तिथल्या आयांनी मुलांना अंगणात सोडले नाही. मुंबई-पुण्याच्या घरात दिवा लागतो त्याची किंमत दुर्गापूरच्या कामगार वसाहतीने अशीही मोजली आहे, आणि ती कोणत्याही वीजबिलात छापून येत नाही.

लोहाऱ्याची गोष्ट तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. ताडोबाच्या जवळचा लोहारा कोळसा पट्टा एका खासगी वीज प्रकल्पासाठी देण्यात आला होता. चंद्रपूरकर रस्त्यावर उतरले, उपोषणे झाली, वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेचा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला आणि ती खाण थांबली. पुढे 2020 मध्ये ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडला यांच्या दरम्यानचा बांदर पट्टा लिलावाच्या यादीत आला, तेव्हा राज्य सरकारनेच विरोध केला. हे विजय मोठे आहेत, ते मिळवणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. पण वीजक्षेत्रातला माणूस म्हणून मला त्यांच्यापुढे एक प्रश्न दिसतो. एक खाण थांबली, पण त्या खाणीतून येणार असलेल्या विजेची मागणी थांबली नाही. ती दुसऱ्या तालुक्यातल्या, दुसऱ्या राज्यातल्या खाणीकडे गेली. कदाचित छत्तीसगडच्या, कदाचित ओडिशाच्या जंगलात गेली. जोपर्यंत मागणी तशीच आहे, तोपर्यंत आपण जंगल वाचवत नाही, ओझे या खांद्यावरून त्या खांद्यावर देतो.

यावर उत्तर म्हणून आज सगळेजण सूर्य आणि वारा यांच्याकडे बोट दाखवतात. मी या दोन्हींच्या बाजूचा आहे. कोळशाच्या तुलनेत ते कितीतरी बरे, यात मला शंका नाही. पण बरे म्हणजे निरुपद्रवी, असे धरून चालता येत नाही. याची साक्ष देणारे दोन माळ मी तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला साताऱ्याजवळचा चाळकेवाडीचा सडा. ठोसेघरहून वर गेलात की पवनचक्क्यांची रांग दिसते. हर्षल भोसले आणि अमोद झांबरे या मराठी संशोधकांनी मारिया ठाकेर यांच्याबरोबर तिथे अभ्यास केला आणि तो 2018 मध्ये एका नामांकित आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचा वावर त्या नसलेल्या भागाच्या जवळपास चौपट कमी आढळला. घार-ससाणे कमी झाले तसे सरडे वाढले. नराच्या गळ्याखाली निळी-केशरी पंख्यासारखी पिशवी असलेला हा सडावासी सरडा. संख्या वाढली, पण प्रकृती उतरली. एवढ्या सरड्यांत भक्ष्य वाटले गेल्यामुळे ते अंगाने बारीक होते. भीतीची संप्रेरके त्यांच्यात कमी आढळली, आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळेनासे झाले होते. पवनचक्कीने एकाही सरड्याला हात लावला नव्हता. तिने आकाशातला शिकारी हटवला आणि जमिनीवरच्या प्राण्याचा स्वभाव बदलला. या अभ्यासाविषयी मी जितके वाचले तितका मी गंभीर झालो, कारण असा परिणाम पर्यावरण मंजुरीच्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

दुसरा माळ सोलापूरचा. नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 पासूनचे आहे, त्याचे क्षेत्र पुढे खूप कमी करण्यात आले. आता तिथे एखाददुसरा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. या पक्ष्याचे शेवटचे मोठे घर राजस्थानातले थर वाळवंट आहे, आणि नेमके तिथेच देशाचे सौरऊर्जेचे मोठे मैदान आहे. माळढोक जड पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी सहसा एकच अंडे घालते. त्याची नजर बाजूला चांगली, समोर कमी, आणि उडताना वजनामुळे ऐन वेळी वळता येत नाही. तारा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. भारतीय वन्यजीव संस्थेने थरमधल्या माळढोकांच्या मृत्यूचे मोठे कारण म्हणून वीजवाहिन्यांकडे बोट दाखवले. एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घालण्याचे आणि तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावण्याचे आदेश दिले. 2024 मध्ये त्याच न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण सौरऊर्जेची वाटही अडू नये, असे सरकारचे म्हणणे होते. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. हवामान आणि माळढोक, दोन्ही बाजूंना निसर्गच उभा आहे. न्यायाधीशांना अशी निवड करावी लागावी, हे मला आपल्या काळातले मोठे दुःख वाटते.

मग कोणती वीज निर्दोष? चाळीस वर्षांपूर्वी कोणी विचारले असते तर आम्ही अभियंत्यांनी 'पाण्याची' असे उत्तर दिले असते. कोयनेचे उदाहरण घेऊ. 1,960 मेगावॉटचा हा प्रकल्प महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीचा कणा राहिला आहे, त्याचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण शिवसागर जलाशयाने कोयनेच्या खोऱ्यातले जंगल आणि गावे पोटात घेतली. धरणासाठी वर सरकलेली काही गावे पुढे 1985 मध्ये जाहीर झालेल्या कोयना अभयारण्यात आली, आणि त्यांना पुन्हा उठण्याची पाळी आली. आधी विजेसाठी, मग वाघासाठी. ज्यांच्या वाट्याला हे दोनदा आले त्यांच्यासमोर उभे राहून निसर्गरक्षणाचे भाषण करताना कोणाचीही जीभ जड व्हायला हवी.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रत्येक विजेला कुठे तरी जागा लागते. जागा न घेणारी वीज एकच, ती म्हणजे न लागलेली. पण न लागलेली वीज जंगलाच्या उपयोगी पडावी यासाठी दोन गोष्टी हव्यात: ती योग्य वेळी वाचली पाहिजे, आणि तिचा हिशेब नियोजनात धरला गेला पाहिजे. या दोन गोष्टी सोडून आपण बचतीवर जे काही बोलतो ते बहुतेक घरगुती सुविचार असतात.

वेळ का महत्त्वाची, ते भारप्रेषण केंद्रात बसणाऱ्याला चटकन कळते. वीज साठवणे महाग असल्यामुळे ज्या क्षणी मागणी त्याच क्षणी निर्मिती, असा तिचा संसार आहे. अलीकडच्या उन्हाळ्यांत महाराष्ट्राची कमाल मागणी 30 हजार मेगावॉटच्या घरात गेली आहे. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते. सूर्य मावळला की ती शून्यावर येते, आणि नेमके तेव्हा घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, स्वयंपाकघरातली यंत्रे, आणि उन्हाळ्यात एसी सुरू होतात. हा खड्डा भरायला कोळशाच्या संचांना तासन् तास आधी तयार ठेवावे लागते. कोयनेचे संच मात्र काही मिनिटांत सुरू होतात, म्हणून संध्याकाळी कोयनेला हाक जाते.

हा खड्डा जसजसा मोठा होतो आहे, तसतशी सह्याद्रीवर नवी मागणी येते आहे. तिचे नाव उदंचन प्रकल्प. अकोले तालुक्यातला घाटघरचा 250 मेगावॉटचा प्रकल्प आपल्याकडचा परिचित नमुना. दिवसा स्वस्त वीज वापरून खालच्या जलाशयातले पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज करायची. ढोबळमानाने पाच युनिट खर्चून चार परत मिळतात. तंत्र उत्तम आहे आणि सौरऊर्जेला त्याची गरजही आहे. पण त्याला वर एक जलाशय, खाली एक जलाशय, मध्ये मोठा उतार, बोगदे आणि रस्ते लागतात. असा उतार महाराष्ट्रात कुठे आहे? घाटमाथ्यावर. भीमाशंकरपासून पाटगावपर्यंतच्या ज्या पट्ट्यात शेकरू, गवे, धनेश आणि सड्यांवरची पावसाळी फुले टिकून आहेत, त्याच पट्ट्यात असे अनेक प्रकल्प प्रस्तावित आहेत. त्यांतले काही जुन्या जलाशयांवर होतील, त्यांचे नुकसान कमी असेल. काही नव्याने डोंगर फोडतील. किती फोडायचे हे संध्याकाळच्या मागणीवर ठरणार आहे.

म्हणून संध्याकाळी सात ते दहा या वेळेत वाचलेले एक युनिट दुपारी वाचलेल्या युनिटपेक्षा जंगलाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. गिझर, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, विजेवरच्या गाडीचे चार्जिंग यांतले काय दुपारी सरकवता येईल, याचा विचार प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीने करावा. घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरासाठी सवलत देण्याची पद्धत आपल्याकडे सुरू झाली आहे, ती योग्य दिशेने आहे. संध्याकाळची पाणी चढवायची वेळ दुपारी आणायला सोसायटीचा एक ठराव पुरतो, त्यासाठी कोणाला काही सोसावे लागत नाही.

आणि पंखा. माझ्या मते आपल्या राज्यातला सर्वांत दुर्लक्षित वीज प्रकल्प आपल्या छताला टांगलेला आहे. जुना छताचा पंखा साधारण 75 वॉट घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तितकाच वारा सुमारे 30 वॉटमध्ये देतो. फरक 45 वॉटचा. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे वर्षाला सुमारे 160 युनिट वाचतात. औष्णिक केंद्रात एका युनिटला साधारण 650 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला क्विंटलभर कोळसा जमिनीतच राहतो. असे एक कोटी पंखे एकाच वेळी फिरत आहेत असे समजा, बचत 450 मेगावॉटची होते. वाहिन्यांतली गळती आणि केंद्राचा स्वतःचा वापर मिळवा, आणि चंद्रपूरच्या एका 500 मेगावॉट संचाहून अधिक भार कमी होतो. महावितरणचे घरगुती ग्राहकच दोन कोटींहून अधिक आहेत, तेव्हा एक कोटी पंखे हा फार मोठा आकडा नाही. शिवाय पंखा रात्री चालतो, सूर्य नसताना. त्याची बचत नेमकी त्याच वेळेला पडते जिथे ती हवी आहे. छताच्या पंख्यांना तारांकन 2023 पासून सक्तीचे झाले, पण त्यात एक तारा आणि पाच तारे यांतले अंतर फार मोठे आहे. दुकानात पंखा घेताना आपण रंग बघतो. मागचे लेबल बघण्याची सवय लागायला हवी.

सरकारने मनावर घेतले तर हे किती वेगाने होते ते आपण एलईडी दिव्यांत पाहिले. 'उजाला' योजना जानेवारी 2015 मध्ये सुरू झाली. एकगठ्ठा खरेदीमुळे एका दिव्याची खरेदी किंमत दोन-अडीच वर्षांत 310 रुपयांवरून 40 च्या खाली आली, आणि 36 कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. पंख्यांसाठी हेच झाले पाहिजे असे मी ठामपणे म्हणतो.

याच दिव्यांनी एक इशाराही दिला आहे. 1865 मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवले होते की वाफेचे इंजिन जितके कमी कोळशावर चालू लागले, तितका इंग्लंडचा कोळशाचा एकूण खप वाढला, कारण इंजिन स्वस्त पडू लागले. एलईडी स्वस्त झाला आणि आपण पूल, चौक, रस्त्याकडेची झाडे, समुद्रकिनारे उजळून टाकले. वड-पिंपळांना विजेच्या माळा गुंडाळलेल्या मी शहराशहरांत पाहतो. त्या झाडावर पक्षी रात्री झोपतात हे ठरवणाऱ्याच्या मनात आले नसावे. दिव्याभोवती फिरून फिरून किडे मरतात, आणि त्यांच्यावर जगणारी वटवाघळे, पाकोळ्या यांचे अन्न आटते.

या बाबतीत वीज वाचवण्याचा परिणाम मधले काही न येता थेट होतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने ग्रामस्थांबरोबर 2002 पासून कासवांचे काम उभे केले. ऑलिव्ह रिडलेची पिल्ले वाळूतून वर आली की ज्या बाजूचे क्षितिज उजळ, त्या बाजूला चालू लागतात. निसर्गात ती बाजू समुद्राची असते. किनाऱ्यावर हॉटेलचा किंवा रस्त्याचा प्रखर दिवा असला तर पिल्लू जमिनीकडे वळते आणि उन्हात, कुत्र्यांच्या तोंडी किंवा कावळ्यांच्या चोचीत संपते. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवरही कासवे अंडी घालतात. तिथे विणीच्या काळात समुद्राकडे तोंड केलेले दिवे बंद ठेवणे किंवा खाली झाकून पिवळसर करणे एवढेच हवे असते. कासवासाठी ऊर्जाबचत म्हणजे एक बटण आहे, आणि ते दाबायला मंजुरीची फाइल लागत नाही.

शेतकऱ्याचा विषय टाळून मला पुढे जाता येणार नाही. आपल्या शेतीपंपांना चक्राकार पद्धतीने वीज मिळते, आठवड्यातले काही दिवस रात्रीची पाळी येते. रात्री दोन वाजता उसाला पाणी द्यायला जुन्नर-आंबेगावात माणूस निघतो तेव्हा त्याच उसात बिबट्याची मादी पिल्ले घेऊन बसलेली असते. पायाखाली घोणस असते. शेतकऱ्याला वन्यजीवांचा राग येतो याचे एक मोठे कारण विजेचे वेळापत्रक आहे, आणि वनखाते ते बदलू शकत नाही. दिवसा वीज हीच इथे वन्यजीवरक्षणाची पहिली पायरी आहे. शेतीवाहिन्यांचे सौरीकरण करण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे. तिचे मूल्यमापन करताना किती मेगावॉट बसले यासोबत किती गावांची रात्रपाळी संपली, हेही मोजावे.

विदर्भात याची दुसरी बाजू आहे. पिकाचे रानडुकरांपासून रक्षण करायला किंवा शिकारीसाठी लोक तारेवर आकडा टाकून कुंपणात करंट सोडतात. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय' वाघाचा बछडा 'श्रीनिवास' 2017 मध्ये नागभीड परिसरात असाच विजेच्या धक्क्याने गेला. अशा तारांना शेजारचे शेतकरी आणि गुरेही बळी पडली आहेत. चोरून घेतलेली ही वीज हिशेबात गळती म्हणून दिसते. गळती शोधणारा लाइनमन आणि वाघाचा माग काढणारा वनरक्षक यांनी एकत्र फेरी मारली तर दोघांचेही काम होईल.

आता हिशेबाचा मुद्दा. बंगळूरच्या अमूल्य रेड्डी यांनी कर्नाटकासाठी दाखवून दिले होते की लोकांच्या गरजांपासून सुरुवात केली आणि कार्यक्षमता धरली तर अधिकृत अंदाजापेक्षा कितीतरी कमी विजेत राज्याचे भागते. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेचे गिरीश संत यांनी शंतनू दीक्षित यांच्यासह महाराष्ट्रासाठी कमीत कमी खर्चाचे वीजनियोजन मांडले, त्यात वाचवलेल्या विजेला निर्मितीच्या शेजारी बसवले होते. एन्रॉन वीज प्रकल्पाच्या वादाच्या दिवसांत एवढ्या शांतपणे आकड्यांवर बोट ठेवणारी माणसे आपल्याकडे होती, याचा अभिमान वाटतो. संत 2012 मध्ये अकाली गेले. त्यांनी सांगितलेले आपण अजून पुरते ऐकलेले नाही. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा आहे, राज्य वीज नियामक आयोगाचे मागणी-व्यवस्थापनाचे विनियम 2010 चे आहेत. कायद्याची उणीव नाही. तरीही नवा प्रकल्प मांडताना 'एवढीच वीज बचतीतून मिळते का, आणि काय भावाने?' हा प्रश्न आधी विचारला जात नाही. बचतीचा कार्यक्रम वेगळ्या खात्यात, वेगळ्या सप्ताहात, 14 डिसेंबरच्या ऊर्जा संवर्धन दिनाच्या भाषणांत राहतो. त्यामुळे आपण वाचवलेले युनिट कोणत्याही खाणीच्या नकाशातून वजा होत नाही.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देशात माणशी वर्षाकाठी सुमारे 1,400 युनिट विजेचा वापर होतो, आणि ही सरासरी आहे. मेळघाटातल्या कोरकू घरात एक दिवा आणि मोबाइलचे चार्जिंग एवढाच वापर असेल तर त्या घराला बचतीचे धडे देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. त्या घराची वीज वाढली पाहिजे. बचत मागायची ती ज्यांच्या घरात दोन-तीन एसी आहेत त्यांच्याकडे, पश्चिमेला काचेच्या भिंती लावून ती काच थंड करत बसणाऱ्या कार्यालयांकडे, आणि रात्रभर जाहिरातींचे फलक पेटते ठेवणाऱ्यांकडे. एसीचे तापमान एक अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. तारांकित एसी 2020 पासून 24 अंशांवरच सुरू होतात ते याच कारणाने. ते तापमान खाली आणण्याआधी थांबता येते.

तुमच्याकडे माझी मागणी मात्र घरापुरती नाही. या सभागृहात निसर्गप्रेमी मंडळांचे कार्यकर्ते बसले आहेत. खाणीच्या आणि धरणाच्या जनसुनावणीला तुम्ही जाता, ते चालू ठेवा. पण महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या वीजदराच्या सुनावणीला निसर्गप्रेमी क्वचितच दिसतात. तिथे उद्योगांचे प्रतिनिधी येतात, ग्राहक संघटना येतात, वाघाच्या वतीने कोणी येत नाही. आयोग लेखी सूचना-हरकती मागवतो, त्या मराठीत देता येतात आणि त्या नोंदवल्या जातात. पुढची सुनावणी जाहीर होईल तेव्हा या गावातून किमान दहा जणांनी लिहावे: संध्याकाळची मागणी बचतीने किती कमी करणार ते मेगावॉटमध्ये सांगा, कार्यक्षम पंख्यांची एकगठ्ठा खरेदी करा, शेतीला दिवसा वीज कधीपर्यंत देणार त्याची तारीख द्या, आणि तेवढी क्षमता नव्या प्रकल्पांच्या यादीतून वजा करून दाखवा. मसुदा करायला मी मदत करीन. व्याख्यान संपल्यावर ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी थांबावे, आपण आजच नावे लिहून घेऊ.